अंदाजपंचे

अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीला नदीचं नाव होतं,
खिडकीतून नदी दिसत नव्हती.
समोरच्या इमारतीची पाठ दिसायची, आणि ग्लासगोचा फेब्रुवारी,
दुपारी तीनलाच दिवे लावायला लावणारा.

मी नोंदी घेणारा.
प्रश्न डंकन विचारणार, चौकटी मी भरणार:
रचना, आकड्यांची जाण, आत्मविश्वास,
एक ते पाच.
तीन वर्षांपूर्वी मीही ह्याच टेबलापलीकडे बसलो होतो,
भावाचा कोट घालून, बाह्या आत दुमडून.

सकाळपासून सहा जण झाले होते.
एकाने पाण्याचा पेला सांडला
आणि त्याचंच उदाहरण करून दाखवलं. डंकनला ते फार आवडलं.
एकीची पाचावर धारण बसली होती.
तिचं नाव आता आठवत नाही, पांढरे पडलेले ओठ आठवतात.

सातवी मॉर्व्हेन गिलख्रिस्ट.
डंकनने त्याचा लाडका प्रश्न टाकला:
ह्या शहरात वर्षभरात बसमध्ये किती छत्र्या विसरल्या जात असतील?

ह्याचं उत्तर कसं द्यायचं ते ठरलेलं असतं.
लोकसंख्या इतकी. त्यातले बसने जाणारे इतके.
पावसाचे दिवस इतके, हे म्हणताना थोडं हसायचं.
मग विसरभोळे शेकडा किती,
गुणायचं, भागायचं, शेवटी एक गोल आकडा.
आमच्या धंद्यात ह्याला पद्धत म्हणतात.
धंद्याबाहेर, अंदाजपंचे दाहोदरसे.

ती म्हणाली, "दोन हजार तीनशे एकेचाळीस.
गेल्या वर्षी. एकाच कंपनीच्या बसमधल्या."

डंकनचं पेन थांबलं.

"माझे बाबा डेपोत हरवल्या-सापडल्याच्या खिडकीवर बसतात.
जानेवारीत मोजणी असते. ते मोजतात, मी लिहून घेते.
सहाशे बारा परत गेल्या.
काळ्या छत्रीला मालक येत नाही.
म्हणजे येतो, पण सत्तर काळ्या छत्र्या बघून तसाच परत जातो.
लाल, पिवळी, मूठ तुटलेली, चिकटपट्टी लावलेली,
तिला हमखास येतो."
मग जरा थांबून, "एकदा एक रक्षाकलश आला होता.
अकरा महिन्यांनी नेला कुणीतरी.
बाबांनी तो फळीवर नाही, हीटरजवळ ठेवला होता."

डंकन समजुतीने हसला.
म्हणाला, खरा आकडा नकोय आम्हाला,
तुम्ही विचार कसा करता ते पाहायचंय.

ती बघत राहिली,
माझ्याकडे नाही, माझ्या कागदाकडे.
"पण माहीत आहे, तर अंदाज कशाला करू?"

मी लिहिलं: रचना, दोन.
आकड्यांची जाण, ह्यापुढे पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका वाढत गेला.
तीन लिहिले.
हीटरला चौकट नव्हती.

संध्याकाळी पत्र गेलं. मजकूर तयारच असतो:
आपल्या भेटीने आम्ही प्रभावित झालो, परंतु.
नाव तेवढं बदलायचं. ते मीच बदललं.

ऑक्टोबरात माझी छत्री बसमध्ये राहिली.
जेवणाच्या सुट्टीत डेपोवर गेलो. गेलोच का,
तसली छत्री कुठेही मिळते.
खिडकीवरच्या माणसाने कानावरची पेन्सिल काढली.
रंग?
काळा.
खूण काही?
मी आठवू लागलो. मूठ लाकडी असावी. किंवा प्लॅस्टिकची.
साधारण मध्यम आकार, म्हटलं, बहुधा.
"अंदाज नको, साहेब. खूण."
आणि तो थांबला, न कंटाळता,
जसं थांबायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात आणि जमत नाही.

त्याच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं. गिलख्रिस्ट नव्हतं.
विचारता आलं असतं.
मागे एक मुलगा एकच हातमोजा घालून उभा होता,
दुसऱ्याच्या शोधात. मी बाजूला झालो.

स्टेशनसमोर सात पौंडांना नवी घेतली.
काळीच होती त्यांच्याकडे.